फोमचे कवच आणि दप्तरातला रकाना

श्रावण सरत आला की आमच्या बऱ्हाणपुरात, मागांच्या अखंड खडखडाटाच्या आड, आणखी एक काम अगदी निःशब्दपणे सुरू होत असे, आणि ते पाहत मी, चांगला प्रौढ झाल्यावरही, तासन्‌तास उभा राहिलेलो आहे. एखाद्या घराच्या ओसरीवर गणपतीचे मखर करणारा कारागीर बसलेला असे. त्याच्या पुढ्यात लाकडी चौकटीत ताणून बसवलेली आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरला जोडलेली निक्रोमची बारीक तार असे. आणि त्या तापलेल्या तारेवरून थर्माकोलचा पांढरा ठोकळा तो ज्या गतीने सरकवीत असे, त्या गतीतच त्याची सारी विद्या सामावलेली असे. हात क्षणभर थांबला की तार तेथे खळगा पाडते, आणि हाताने घाई केली की तीच तार मधोमध वाकून मागे राहते, मग ठोकळ्याच्या दोन्ही कडांना एक आकार उमटतो आणि पोटात दुसराच. हे दोन्ही दोष टाळून सहा फूट लांबीची कमान एका दमात कापणारा माणूस मी पाहिला आहे, आणि त्याच्या हाताला मी आजही उच्च प्रतीच्या यंत्रकारागिराचा हात मानतो.

१ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदाच वापरून टाकून देण्याच्या ज्या वस्तूंवर बंदी घातली, त्या यादीत सजावटीसाठी वापरण्यात येणाऱ्या थर्माकोलचा स्पष्ट निर्देश आहे. आमच्या पलीकडच्या महाराष्ट्रात तर तसा हुकूम २०१८ सालीच निघाला होता. बंदी योग्यच होती. दहा दिवसांच्या आराशीनंतर तापीच्या पात्रात आणि नाल्यांच्या तोंडाशी साचणारा तो पांढरा चुरा ज्याने पाहिला आहे, तो तिच्याविरुद्ध ब्रही काढणार नाही. तथापि, वस्तू बंद झाली म्हणून विद्याही बंद व्हावी हे मात्र मला मान्य नाही. ज्या हाताला तापलेल्या तारेची गती कळते, त्या हाताला मखराहून मोठे, टिकाऊ आणि समाजाच्या नित्य उपयोगाचे असे एक काम आज उपलब्ध होऊ शकते, आणि ते काम म्हणजे लहान विजेच्या मोटारीचे कवच, ज्याला आपण बोलताना बॉडी म्हणतो, ती घडवणे होय. हे विधान प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल याची मला जाणीव आहे. म्हणून ते थोडे विस्ताराने मांडतो.

मोटारीची बॉडी मोठ्या कारखान्याखेरीज कोणी करू शकत नाही, ही समजूत पत्र्यामुळे रूढ झाली. सपाट पोलादी पत्र्याला दुहेरी वळण द्यायचे, म्हणजे तो एकाच वेळी आडवा आणि उभा वाकवायचा, तर त्यासाठी डाय लागते, डायसाठी अजस्र प्रेस लागतो, आणि या दोहोंचा खर्च इतका असतो की एकाच आकाराच्या हजारो गाड्या काढल्यावाचून तो भरून येत नाही. त्यामुळे मोटारीचा आकार ठरवण्याचा अधिकार ज्याच्यापाशी भांडवल त्याच्यापाशी गेला, आणि ज्याच्यापाशी केवळ कल्पना व कसब आहे त्याच्या वाट्याला पोचे काढण्याचे आणि रंग मारण्याचे काम उरले. फोमने हा व्यवहार मुळातूनच पालटतो, कारण फोमला डाय लागत नाही. चूक झाली तर तेवढा तुकडा कापून टाकावा, नवा चिकटवावा आणि पुन्हा घासावा. चुकीची किंमत काही शे रुपये आणि एक दुपार.

पद्धत अशी की, प्रथम गाडीची बाजूची, वरची आणि समोरची अशी तीन चित्रे पूर्ण मापात काढावीत. मग गाडीच्या लांबीत दर वीतभर अंतरावर तिचा आडवा छेद कसा दिसेल ते रेखून प्लायवुडचे फर्मे करावेत. दोन फर्म्यांच्या मध्ये फोमचा ठोकळा धरून त्यांच्या कडांवरून तापलेली तार फिरवावी. आणि असे कापलेले ठोकळे चौकोनी पाइपाच्या सांगाड्यावर एकापुढे एक बसवून, लांब लाकडी पाट्याला पॉलिश पेपर लावून, सगळा पृष्ठभाग एकसंध होईपर्यंत घासावा. त्यावर काचतंतूंचे कापड, ज्याला बाजारात नुसते 'फायबर' म्हणतात, रेझिनमध्ये भिजवून पदर-दोन पदर चढवावे, आतूनही तसेच करावे, शेवटी लांबी भरून रंग द्यावा. अमेरिकेत बर्ट रुटान नावाच्या विमानरचनाकाराने १९७५ साली 'व्हेरीईझी' हे छोटे विमान याच रीतीने, साच्यावाचून, फोमचा गाभा आणि त्यावर काचकापडाचे आवरण अशा रचनेने उडवले, आणि त्याचे आराखडे विकत घेऊन पुढे शेकडो हौशी लोकांनी आपापल्या घराच्या गॅरेजात तशी विमाने बांधली. त्याच देशात रॉबर्ट रायली यांनी १९८० च्या सुमारास 'ट्रायम्युटर' या तीनचाकी गाडीचे आराखडे प्रसिद्ध केले, तिचे अंगही फोम आणि फायबर यांचेच होते. या विद्येला आता अर्धशतक होत आले आहे.

फोमसारख्या बोटाने दबणाऱ्या पदार्थाला बळकटी कोठून येते, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर रेल्वेच्या पुलाखालच्या गर्डरमध्ये आहे. गर्डरची खरी ताकद त्याच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांत असते, मधला उभा पडदा त्या दोहोंना परस्परांपासून दूर धरून ठेवण्याचे काम करतो, आणि ते अंतर जितके अधिक तितका गर्डर वाकण्यास कठीण. फोम हा तसा मधला पडदा आहे. दोन्ही बाजूंची फायबरची पातळ कातडी भार वाहते, आणि फोम त्यांना एकमेकींजवळ येऊ देत नाही. वजनाचा हिशेब केला तर साधारण प्रतीच्या थर्माकोलचा एक घनमीटर ठोकळा १५ ते २० किलो भरतो, तेवढेच पोलाद ७८५० किलो. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारे कापड दोन पदर आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाचे रेझिन धरले तर एका बाजूचे आवरण चौरस मीटरला सव्वा किलो होते, आतबाहेर मिळून अडीच किलो, फोम धरून फार तर साडेतीन. त्याच क्षेत्राचा ०.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा सव्वासहा किलोंचा.

हा हलकेपणा विजेच्या छोट्या गाडीला किती मोलाचा आहे, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण या विषयात लोक वाजवीपेक्षा अधिक भर हवेला कापणाऱ्या निमुळत्या आकारावर देतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते, हे सत्य आहे. परंतु बैठ्या घाटाची, माणसांसह ५०० किलोंची गाडी ताशी २५ किलोमीटरने चालली असता हवा तिला जेवढी अडवते, त्याच्या तिपटीने चाकांचे रस्त्यावरचे घर्षण अडवते, आणि ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास कोठे हे दोन विरोध समान होतात. आमच्या गावच्या कोटाच्या आतल्या गल्ल्यांत, जेथे दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावे लागते, तेथे ४५ चा वेग कोणालाही लाभणार नाही. म्हणून येथल्या गाडीला विमानाचे नाक नको. तिला हलके अंग हवे आणि गल्लीच्या मापाची रुंदी हवी. ई-रिक्षाला लागणाऱ्या चार शिशाच्या बॅटऱ्यांचेच वजन शंभर किलोंच्या वर जाते. जे वजन बॅटरीत टाळता येत नाही ते बॉडीत तरी टाळावे, हा साधा विवेक आहे.

मी हे केवळ पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. आयुष्यभर मुलांना यंत्ररेखन शिकवून निवृत्त झाल्यावर गेल्या दोन वर्षांत मी आमच्या ओसरीवर एका दोन आसनी गाडीचा पुढचा भाग, पुढच्या काचेपासून बंपरपर्यंत, पूर्ण मापात घडवला आहे. थर्माकोलचे मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद पाट एकमेकांवर चिकटवून ठोकळे केले, तेव्हा पहिला धडा गोंदाने शिकवला. पाण्यात कालवलेला पांढरा गोंद पाटांच्या मधोमध हवा न लागल्यामुळे आठ दिवसांनीही ओला होता, आणि जेथे वाळला होता तेथे तार अडून प्रत्येक सांध्यावर एक उंचवटा सोडून जात होती. गोंद कापाच्या रेषेपासून चार बोटे आत, ठिपक्यांनी लावावा, ही युक्ती एका मखरवाल्याने सांगितली. ती कोणत्याही पुस्तकात मला आढळली नव्हती.

दुसरा धडा अधिक कठोर होता. पाण्याच्या टाक्यांना वापरतात ते स्वस्त पॉलिएस्टर रेझिन आणून मी एका संध्याकाळी डाव्या मडगार्डवर कापड चढवले आणि समाधानाने झोपी गेलो. सकाळी उठून पाहतो तो कापड ताठ उभे होते आणि त्याच्या खालचे थर्माकोल नाहीसे झाले होते. दोन महिन्यांच्या वळणाच्या जागी तळाशी घट्ट, चिकट, पिवळसर असा एक थर उरला होता. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि थर्माकोल हे पॉलिस्टायरीन. एक दुसऱ्याला विरघळवते, हे रसायनशास्त्रातले साधे तथ्य मला ठाऊक असायला हवे होते आणि नव्हते. थर्माकोलवर एपॉक्सी रेझिनच वापरले पाहिजे. ते कित्येक पटींनी महाग आहे, परंतु त्याला पर्याय नाही. पॉलिएस्टरच वापरायचे असेल तर गाभा पॉलियुरेथेन फोमचा घ्यावा, आणि तो मात्र तापल्या तारेने कदापि कापू नये, करवतीने व सुरीनेच कापावा, कारण त्याच्या धुरात जीवघेणा विषारी वायू असतो. हा धोक्याचा इशारा मी जाणूनबुजून येथे देत आहे. हे वाचून कोणी तरुण उद्या कामाला लागला तर त्याला तो प्रथम कळावा.

तिसऱ्या गोष्टीला धडा न म्हणता आनंद म्हणतो. काचकापडही मागावरच विणलेले असते; त्यालाही ताणा आहे, बाणा आहे. वळणावर सरळ टाकले तर त्याला सुरकुती पडते, आणि तेच तिरपे, ताणा-बाणा दोन्ही कर्णरेषेवर येतील असे टाकले तर ते कुठल्याही गोलाईवर अंगरख्यासारखे बसते, शिवाय बॉडीला पिळवटणारा जोर उत्तम झेलते. हे मी शेजारच्या एका माग चालवणाऱ्या गृहस्थांना समजावू लागलो, तर त्यांनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच कापडाचा कोपरा चिमटीत धरून कर्णावर ओढून दाखवला. सतराव्या शतकात येथे आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने बऱ्हाणपुरात विणलेले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते असे नमूद करून ठेवले आहे. कापडाची ही जाण येथे पिढ्यान्‌पिढ्या हातांत मुरलेली आहे, आणि फायबरचे सारे शास्त्र शेवटी कापडाचेच शास्त्र आहे. पूर्व जर्मनीतील 'ट्राबांट' या मोटारीचे बाह्यांग तर फिनॉल रेझिनमध्ये दाबलेल्या कापसाच्या टाकाऊ तंतूंचे होते, आणि अशा तीस लाखांहून अधिक गाड्या १९५७ ते १९९१ या काळात निघाल्या. मर्सिडीजने २००४ नंतर आपल्या ए-क्लास गाडीच्या तळाच्या एका भागासाठी अबाका हा तंतू वापरला, आणि अबाका हे केळीच्याच कुळातले झाड आहे. ज्या जिल्ह्यात केळीचे घड उतरल्यावर खांबांचे ढीग बांधांवर पडून राहतात, तेथल्या तंत्रनिकेतनाने यावर प्रयोग करावेत असे मला मनापासून वाटते. असे तंतू ओलावा शोषतात, म्हणून त्यांच्यावर भार टाकण्यापूर्वी परीक्षा व्हावी. पण परीक्षा तरी सुरू व्हावी.

मागांच्या गावात मोटार घडवण्याचा हा विचार काही माझा एकट्याचा नव्हे. इचलकरंजीला विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला आणि ते गाव वस्त्रनगरी झाले. त्याच इचलकरंजीत १९४९ च्या सुमारास शंकरराव कुलकर्णी यांनी आपली पहिली छोटी मोटार स्वतःच्या हातांनी उभी केली. 'मीरा' या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या गाडीत ते जवळजवळ तीन दशके सुधारणा करीत राहिले, एकामागून एक आवृत्त्या घडवीत राहिले, आणि सामान्य गृहस्थाला ती सुमारे १२,००० रुपयांत मिळावी हा त्यांचा संकल्प होता. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, वाखाणली. परंतु ती कारखान्यातून विक्रीसाठी कधीच बाहेर पडली नाही. परवाने आणि कर यांच्या ज्या व्यवस्थेपुढे तो संकल्प थांबला, तिच्यात शंकररावांसारख्या एकट्या माणसासाठी रकानाच नव्हता. एका माणसाने तीस वर्षे सातत्याने केलेल्या अशा कामाला देशाने काय दिले, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

२०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातील भागांतून घडवलेली, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी जीप सर्वत्र गाजली. एका थोर उद्योगपतींनी तिचे कौतुक केले, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी तिला अडवतील असेही स्पष्ट सांगितले, आणि तिच्या मोबदल्यात त्या कारागिराला आपल्या कंपनीची नवी कोरी गाडी दिली. त्यामागील औदार्याबद्दल मला नितांत आदर आहे, आणि नियमांविषयीचे त्यांचे म्हणणे यथार्थच होते. पण परिणाम पाहा: गाडी करू शकणारा माणूस गाडीचा मालक झाला, त्याने केलेली गाडी पाहण्याची वस्तू झाली, आणि दुसरी गाडी त्याने कोणत्या कायद्याखाली करावी या प्रश्नाला कोणी हात लावला नाही.

याच्या उलट उदाहरण आकाशात आहे. मुंबईच्या कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना प्रदीर्घ खटपट करावी लागली खरी, पण २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात त्यांच्या विमानाची नोंदणी झाली आणि २०१९ साली उड्डाणाचा परवानाही मिळाला. एका माणसाने घरी बांधलेल्या विमानाला जर या देशात सनद मिळू शकते, तर एका माणसाने घरी बांधलेल्या, ताशी २५ किलोमीटरने चालणाऱ्या गाडीला ती का मिळू नये?

येथे कायद्याची बाजू शांतपणे पाहिली पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे प्रत्येक वाहनाच्या आद्य नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून परीक्षा व्हावी लागते, आणि हे तत्त्व निःसंशय हितावह आहे. अडचण अशी की, ही सगळी रचना अनेक गाड्या काढणाऱ्या कारखानदाराला डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. एकच गाडी करणाऱ्याला परीक्षेचा तो खर्च पेलत नाही, आणि परिवहन दप्तरात फॉर्म २० भरायला गेले तर त्याला जोडायचे विक्रीचे प्रमाणपत्र त्याला कोणी द्यायचे, येथेच दरखास्त अडते. तरीही त्याच नियमांत एक फॉर्म २२-अ आहे, आणि त्याच्याकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या वाहनाची चासी एकाने केली व बॉडी दुसऱ्याने बांधली, त्या वाहनासाठी तो फॉर्म आहे. त्याचा पहिला भाग चासीच्या उत्पादकाने भरायचा आणि दुसरा बॉडी बांधणाऱ्याने. म्हणजे बॉडी बांधणारा कारागीर कायद्याला परका नाही. इंदूर-इच्छापूर रस्त्यावरून रोज जाणारे ट्रक ज्यांनी लाकूड आणि पत्रा यांतून सजवले, ते कारागीर या मार्गाने कायद्यात केव्हाच येऊन बसले आहेत. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला निघालेल्या पहिल्या गाडीपासून सुरू झालेल्या एस.टी.ने स्वतःच्या दापोडीच्या कार्यशाळेत हजारो बसगाड्यांच्या बॉड्या बांधल्या, त्या काही मोटार कंपन्यांच्या प्रेसमधून आल्या नव्हत्या.

माझी सूचना एवढीच आहे की, हीच वाट लहान, मंदगती विजेच्या गाड्यांना मोकळी करावी. सांगाडा, आस, ब्रेक, सुकाणू, मोटर, बॅटरी आणि तारांची जोडणी हे सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेल्या चासीच्या रूपाने मान्यताप्राप्त उत्पादकाकडून विकत मिळावे. त्यावर कवच ज्याचे त्याने घडवावे. आणि वजन, रुंदी, दिवे, काच, आसनपट्टा यांची तपासणी जिल्ह्याच्या परिवहन दप्तरात प्रत्येक गाडीची स्वतंत्र व्हावी. इंग्लंडात घरी जुळवलेल्या गाड्यांसाठी एकेका वाहनाच्या अशा स्वतंत्र मान्यतेची सोय आहे. आपल्याकडेही ई-रिक्षांचा दाखला ताजा आहे. त्या प्रथम गल्लीबोळांतल्या वर्कशॉपांत तयार झाल्या, रस्त्यावर आल्या, आणि मग २०१४ चे नियम व २०१५ ची कायद्यातील दुरुस्ती यांनी त्यांना वेगाची व शक्तीची मर्यादा घालून कायद्याच्या कक्षेत घेतले, इतकेच नव्हे तर नोंदणीकृत संघटनेला आपल्या सभासदांच्या वतीने नमुन्याची मान्यता मागण्याची सोयही करून दिली. २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीसाठी खास रचलेल्या किंवा फेरफार केलेल्या वाहनाची व्याख्या अधिक व्यापक केली, आणि खरोखर, ज्याला उजवा पाय उचलता येत नाही किंवा जो चाकांच्या खुर्चीसह गाडीत शिरू इच्छितो, त्याच्या देहाच्या मापाचे दार कोणता मोठा कारखाना कापून देणार आहे? ते फोममध्ये एका दिवसात कापता येते. परीक्षेच्या जागेसाठीही आम्हांला दूर जायला नको. इंदूरजवळ पिथमपूरला राष्ट्रीय वाहन परीक्षण केंद्राची ११.३ किलोमीटर लांबीची धावपट्टी जून २०२१ मध्ये खुली झाली आहे. वर्षातून दोन दिवस तिच्या आवारात अशा छोट्या गाड्यांची तपासणी ठेवली तर निमाड आणि खानदेशातले किती तरुण तेथे जातील, याची कल्पना मी करू शकतो.

सुरक्षिततेचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला मी बगल देऊ इच्छित नाही. फोमचे कवच धडकेत माणसाला वाचवील असे कोणी मानू नये. ते काम सांगाड्याचे आहे, आणि आसनपट्टा नेहमी सांगाड्यालाच बांधलेला असावा, फायबरला कधीही नव्हे. थर्माकोल पेट घेते, म्हणून बॅटरीची पेटी आणि फोम यांच्या मध्ये धातूचा पडदा हवा, अग्निरोधक प्रतीचाच फोम घ्यावा, आणि उतारूंच्या बाजूचा एकही तुकडा उघडा राहू नये. या अटी सरकारने कठोरपणे घालाव्यात. बंगळूरला २००१ साली निघालेल्या 'रेवा' या विजेच्या गाडीचेही बाह्यांग प्लॅस्टिकचे होते आणि भार पोलादी सांगाड्यावर होता. हा भेद नीट सांभाळला की हलके कवच हा दोष राहत नाही. थर्माकोलच्या कचऱ्याविषयी कोणी विचारील, तर मखरातले थर्माकोल दहा दिवसांचे असे आणि गाडीतले रेझिनमध्ये बंद होऊन वर्षानुवर्षे राहील, हा फरक मोठा आहे. तरीही कापताना उरणारे तुकडे मी पोत्यांत भरून ठेवले आहेत, आणि ज्याला ही सनद मिळेल त्याच्यावर तशी सक्तीही असावी.

विरघळलेल्या डाव्या मडगार्डच्या जागी नवा ठोकळा बसला आहे. त्याचे फर्मे मी पुन्हा काढले, कारण पहिल्या वेळी चाक वळवल्यावर टायर आतल्या कडेला घासणार होता, हे विरघळून गेलेल्या भागाचे मोजमाप घेताना लक्षात आले. तार ज्यांनी फिरवली ते मखरवाले गृहस्थ तीन वर्षांनी प्रथमच आपली चौकट माळ्यावरून काढून घेऊन आले होते. तारेचा ताण स्प्रिंगने धरावा, नाहीतर तापल्यावर ती सैल पडते, म्हणून त्यांनी सायकलच्या स्टँडची स्प्रिंग लावली, आणि पहिला काप झाल्यावर ठोकळा उजेडाकडे धरून बराच वेळ त्यावरून तळहात फिरवीत राहिले. बाहेरचा पहिला पदर आता चढला आहे. दुसरा थंडी पडण्यापूर्वी चढवायचा आहे, कारण पारा उतरला की एपॉक्सी दाट होते, कापडात नीट मुरत नाही आणि दोन-दोन दिवस बोटाला चिकटत राहते. तेव्हा दिवाळी संपताच, कोरडे ऊन असेतोवर, ते काम उरकून घेणार आहोत.